क्लोरीनवाले सर

सरांच्या घरी एकदा चहा घेतलेला माणूस दुसऱ्यांदा लवकर फिरकत नसे. चहात आलं असायचं, वेलची असायची, दूध म्हशीचं असायचं, आणि तरी पहिला घोट घेताच पोहण्याच्या तलावात तोंड उघडं ठेवून पडल्यासारखं वाटायचं. जालन्यात नळाला पाणी येतं ते वाट पाहायला लावून. त्यामुळं घरोघरी टाक्या, पिंपं, बादल्या भरून ठेवतात. सरांची टाकी भरली की ते लुंगी खोचून गच्चीवर चढत आणि ब्लीचिंग पावडर कालवून, निवळून, तिचं पाणी मोजून टाकीत ओतत. मोजून ओततो, असं सर म्हणत. त्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या वहिनींचं, म्हणणं जरा वेगळं होतं.

"मोजत्यात ना," त्या म्हणायच्या. "मोजून ओतत्यात, मंग मनाला बरं वाटावं म्हणून अजून ओतत्यात."

ही पावडर कालवताना जे शिंतोडे उडायचे त्यांनी सरांच्या घरातल्या एकाही कपड्याला मूळचा रंग ठेवला नव्हता. सरांची काळी पँट ठिकठिकाणी विटकरी झाली होती. वहिनींच्या लग्नातल्या हिरव्या शालूवर पांढऱ्या चांदण्या उमटल्या होत्या, आणि त्यावरून त्या अनेक वर्षं बोलत होत्या. सर मात्र तो शालू प्रात्यक्षिकाला आलेल्या विद्यार्थ्यांना दाखवायला कॉलेजात घेऊन आले होते. क्लोरीन ओलसर कापडाचा रंग कसा उडवतो, याचं इतकं चांगलं उदाहरण पुस्तकात नाही, असं त्यांचं मत होतं.

मी त्याच कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायचो. सर रसायनशास्त्र. दोघांच्या वर्गात सारखीच शांतता असे, कारण दोघांच्याही वर्गात मुलं नसत. मुलांची नावं आमच्या हजेरीत आणि मुलं संभाजीनगरच्या नाही तर लातूरच्या क्लासमध्ये, अशी ही सोय आहे. यात कुणाचीच तक्रार नसते. संस्थेला आकडा मिळतो, क्लासला फी मिळते आणि आम्हाला सावली मिळते.

सरांना ही सावली मानवत नसे. प्रात्यक्षिक परीक्षेला मुलं एकदाची उगवत. बाहेरून परीक्षक येत, त्यांच्या जेवणात मटण आहे की व्हेज यावर सकाळपासून खल होई, आणि दुपारी सगळ्यांना जवळपास पैकीच्या पैकी गुण पडत. एकदा त्या घाईतही सरांनी एका मुलाला अडवलं.

"आयोडीनच्या वाफेचा रंग कोणता?"

"जांभळा, सर."

"पाह्यला का?"

"हो सर. पीडीएफमधी व्हता."

सरांनी परीक्षकांचं जेवण तसंच थांबवलं. कपाटातून आयोडीनचे काळपट खडे काढले, परीक्षानळीत घातले आणि त्या मुलाच्या हातात चिमटा देऊन नळी ज्योतीवर धरायला लावली. नळीत हळूहळू जांभळा धूर भरला. मला रसायनातलं ओ की ठो कळत नाही, पण तो रंग पाहून मीही दारात थांबलो. खाली खडा, वर वाफ, आणि मध्ये पाण्याचा थेंबसुद्धा नाही. मुलगा कितीतरी वेळ नळीकडं बघत राहिला. मटण गार झाल्याबद्दल परीक्षकांनी नंतर प्राचार्यांकडं तोंडी नाराजी नोंदवली.

स्टाफरूममध्ये सरांनी आम्हा सगळ्यांची वाटणी करून टाकली होती. त्यांच्या मते माणसं दोनच प्रकारची. हॅलोजन आणि राजवायू.

"हॅलोजनच्या बाहेरच्या कक्षेत एक इलेक्ट्रॉन कमी असतो," ते मला समजावत. "एकच. पण त्या एकासाठी तो ज्याला त्याला जाऊन चिकटतो. राजवायूचं घर भरलेलं. त्याला कुणाचं काही नको, तो कुणाला काही देत न्हाई."

तासिका तत्त्वावर काम करणारे, म्हणजे तासाच्या हिशेबानं पगार घेऊन कायम होण्याची वाट बघणारे सगळे तरुण शिक्षक हॅलोजन. त्यांना एकच ऑर्डर कमी. त्यासाठी ते संस्थाचालकांच्या पुतण्याच्या वाढदिवसाला फुगेही फुगवत. कायम झालेले आम्ही सगळे राजवायू. आमच्यावर आग ओता, पाणी ओता, परिपत्रक ओता, काही होत नाही. उपप्राचार्य फ्लोरीन, कारण ज्याला शिवतील त्याला पेटवतील, आणि काचेच्या बाटलीतसुद्धा ठेवण्याची सोय नाही. प्राचार्य आर्गॉन. हवेत कायम असतात, पण असल्याचं कुणाला जाणवत नाही. एका क्लोरीननं परीक्षा विभागातल्या ब्रोमीनला हाकलून त्याची खुर्ची घेतली, तेव्हा सरांनी मला ते समीकरण फळ्यावर लिहून दाखवलं होतं. ग्रंथपाल आयोडीन. आता खुर्चीत असतात, आता नसतात, मधली अवस्था कुणी पाहिलेली नाही.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुम्ही निऑन. भाषा दिनाला वीज लावली की लालभडक चमकता. बाकी वर्षभर नळी."

मला राग आला होता. पण त्या वर्षीचं माझं भाषा दिनाचं भाषण मला आठवलं आणि मी गप्प बसलो.

स्वतःला ते हेलियम म्हणवत. राजवायूंत सगळ्यात हलका, सगळ्यात अलिप्त. सरांनी कधी पतपेढीची निवडणूक लढवली नाही, कुणाच्या गटात गेले नाहीत, वर्गणीचा चहासुद्धा घेतला नाही. त्यांना कुणाचं काही नको होतं, हे खरं. पण ज्या माणसाला कुणाचं काही नको असतं त्यानं दुसऱ्याच्या पाण्यात थेंब टाकू नयेत, एवढं माझं साधं म्हणणं होतं.

कारण सर थेंब टाकत. लोक खिशाला पेन लावतात तिथं सरांच्या खिशात ओटीची बाटली असे. ओटी म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे दाखवणारं औषध. गावोगावी ग्रामपंचायतीचे पाणीवाले वापरतात तेच. थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे, बिनधास्त प्या. रंग आला नाही तर क्लोरीन नाही, म्हणजे त्या पाण्यात जंतू पडले तर त्यांना मारायला कुणी नाही. हे सरळ आहे. पण जगात पिवळं म्हणजे वाईट आणि नितळ म्हणजे चांगलं, असा लोकांचा पक्का समज. त्यामुळं सर पिवळं पाणी बघून खूश व्हायचे आणि यजमान घाबरायचे.

जुन्या जालन्यात एका मारवाडी शेटजींच्या कापडाच्या पेढीवर आम्ही वहिनींसाठी साडी घ्यायला गेलो होतो. शालूचं प्रकरण मिटवायचं होतं. गादीवर बसताच पाणी आलं. सरांनी थेंब टाकले. पाणी झकास पिवळं झालं. शेटजींचा चेहरा उतरला.

"सरजी, ये क्या हुआ? आमच्या पाण्यात काही पडलं का?"

"एकदम बराबर पाणी हाय, शेटजी!" सर म्हणाले आणि तो पेला बाजूला ठेवून तांब्यातलं पाणी गटागट प्यायले. शेटजींनी त्याच दिवशी माठ बदलला, असं पुढं कळलं.

लग्नात तर सांगायची सोय नाही. पंगतीत वाढपी पाणी घेऊन आला की आजूबाजूचे लोक जेवण थांबवून सरांकडं बघत. सरांची मुलगी अशा वेळी उठून लांबच्या पंगतीत जाऊन बसे. शाळेत असल्यापासून मी तिला असं उठताना पाहिलं आहे. सर तिच्याकडं एकदा बघत आणि मग थेंब टाकत.

ही मुलगी मोठी झाली, संभाजीनगरला फार्मसी शिकली आणि तिथंच एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत लागली. बरोबर शिकलेला अंबडचा एक मुलगा तिला पसंत होता. मुलालाही ती पसंत होती. जात जुळत होती, पत्रिका कुणी काढली नाही, म्हणजे आता फक्त मोठ्या माणसांनी मध्ये न येण्याचा प्रश्न होता. अडचण एकच. मुलाच्या वडिलांचा थंड पाण्याच्या जारचा धंदा होता. अंबड आणि आसपासच्या गावांत लग्न, बारसं, दहावा, काहीही असो, पाणी त्यांचं. आधी घरची शेती, कापूस आणि सोयाबीन. त्यात राम राहिला नाही म्हणून त्यांनी बोअरच्या पाण्यावर शुद्धीकरणाचं मशीन बसवलं, आणि आता दुसरा, मोठा प्लांट सुरू करणार होते.

ते सरांच्या घरी बोलणी करायला आले तेव्हा मी मुलीकडचा वडीलधारा म्हणून हजर होतो. त्यांनी सरांच्या घरचा चहा शेवटपर्यंत प्यायला. माणूस जिद्दीचा आहे हे मला तिथंच कळलं.

"सर, हुंडा न्हाई, मानपान न्हाई, लग्नाचा खर्चा अर्धा अर्धा," त्यांनी हात जोडले. "माझी एकच इच्छा हाय. प्लांटच्या उद्घाटनाला तुम्ही यायचं, सूनबाईलाबी आणायचं, आन माईकवर आपल्या पाण्याबद्दल दोन चांगले शब्द बोलायचे. ती थेंबाची बाटली घिऊन या. सगळ्यांम्होरं करून दाखवा. मी मागं एका लग्नात पाह्यलंय तुम्हाला. तुम्ही नळाच्या पाण्यात थेंब टाकले, ते पिवळं झालं. आपल्या जारच्या पाण्यात टाकले, बिलकुल रंग न्हाई बदलला! तवाच मी म्हणलं, ह्या माणसाच्या तोंडून हे लोकांला कळलं पायजे."

सरांनी तोंड उघडलं. दाराआड वहिनी मोठ्यानं खोकल्या. मुलगी पाण्याचा ट्रे घेऊन तिथंच उभी होती. सरांनी तोंड मिटलं. त्यांना असं तोंड मिटताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

जाता जाता ते गृहस्थ नातवाबद्दल बोलले. त्यांची लेक बाळंतपणापासून माहेरीच होती आणि तिच्या लेकराला कावीळ झाली होती. "गळ्यात काविळीची माळ घातलीया. बाहेरचं खाल्लं असंल कायतरी. पाणी तर आपलंच पितंय," असं ते सहज म्हणाले. सर त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेले आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी ते स्टाफरूममध्ये माझ्यासमोर येऊन बसले.

"दोन चांगले शब्द म्हंजे किती हो?"

मी मराठीचा माणूस. खोटं एकही अक्षर न लिहिता स्तुती कशी करावी, यावर माझं पोट चालतं. निरोपसमारंभाची भाषणं मीच लिहितो. मी सरांना तासाभरात भाषण लिहून दिलं. पाणी म्हणजे जीवन, पाण्याला स्वतःचा रंग नसतो, तहानलेल्याला पाणी देणारा हात धन्य, वगैरे. त्यात या पाण्याबद्दल काहीच नव्हतं, हीच त्याची खुबी होती. सरांनी ते वाचलं आणि पेन्सिलीनं रेघ मारली.

"धन्य कशावरून?"

"सर, पोरीचं लग्न आहे," मी म्हणालो. "तुम्ही तर हेलियम ना? मग राहा अलिप्त."

"राजवायूंनाही आधी सगळे निष्क्रियच म्हणायचे," ते म्हणाले. "मंग कुणीतरी झेनॉनला फ्लोरीनसंगं ठिवून पाह्यलं, आन ते चिकटले." एवढं बोलून ते तासाला निघून गेले. वर्गात कुणी नव्हतं, तरी गेले.

उद्घाटनाला वहिनी आल्याच नाहीत. मला बघवणार न्हाई, म्हणाल्या. सर, मुलगी आणि मी बसनं अंबडला सकाळीच पोहोचलो. मुलानं आम्हाला प्लांट फिरवून दाखवला. मशीन नवंकोरं, स्टीलचं, चकाचक. मागच्या बाजूला परत आलेले जार धुण्याचा हौद होता. तिथं दोन माणसं एकाच ब्रशनं, एकाच पाण्यात जार खळखळून काढत होती. सरांनी पाहिलं. मुलीनं पाहिलं.

मांडवात चांगलीच गर्दी होती. स्टेजवर तालुक्यातले एक पुढारी, त्यांचे समर्थक, समर्थकांचे समर्थक. सरांना मधली खुर्ची. समोर बायकांच्या बाजूला मुलगी बसली होती आणि मुलाची बहीण तिच्या शेजारी. ते काविळीचं पोर मुलीच्याच मांडीवर आलं होतं. हडकलेलं, डोळे पिवळे, गळ्यात ती काड्यांची माळ.

सरांचं नाव पुकारलं गेलं. टेबलावर दोन पेले ठेवले होते. एकात नगरपरिषदेच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात जारचं. सरांनी दोन्हींत थेंब टाकले. नळाचं पाणी पिवळं झालं. लोक हळहळले. जारचं नितळ राहिलं. मुलाच्या वडिलांनी तो पेला उंच धरून चारी दिशांना दाखवला.

सर माईकपाशी गेले. मी लिहिलेला कागद त्यांच्या हातात नव्हता.

"या जारच्या पाण्यात," सर एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "क्लोरीन अजिबात न्हाई."

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला.

असा कडकडाट सरांच्या वाट्याला जन्मात आला नव्हता. मुलाच्या वडिलांचे डोळे भरून आले. सर भांबावून म्हणाले, "अहो, टाळ्या कशाला वाजवताय?" लोकांना तो विनय वाटला आणि त्यांनी अजून वाजवल्या. पुढाऱ्यांनी उठून माईक घेतला. "सरांनी सांगितलंच हाय! केमिकलमुक्त पाणी! एवढा शिकलेला माणूस सोयऱ्यासाठीसुदिक खोटं बोलणार न्हाई!" कुणीतरी सरांच्या गळ्यात हार घातला. सर पुन्हा माईककडं सरकले, तेव्हा मी मागून त्यांचा शर्ट ओढला.

"बसा सर. खरं बोललात. आता लोकांनी उलटं ऐकलं, त्याला तुम्ही काय करणार? बसा."

सरांनी समोर मुलीकडं पाहिलं. मग ते बसले. आयुष्यभर कुणासमोर न झुकलेला माणूस असा मुकाट खाली बसताना बघून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. वाईट वाटलं.

तेवढ्यात मुलगी उठली. मांडीवरचं पोर तिनं कडेवर घेतलं आणि स्टेजवर आली. सासरा होणाऱ्याच्या पाया पडली. लोकांनी कौतुकानं माना डोलावल्या. मग तिनं पुढाऱ्यांच्या हातातला माईक घेतला, इतका सहज की त्यांनीही तो आशीर्वाद दिल्यासारखा दिला.

"बाबा म्हणले ते कौतुक न्हाई," ती म्हणाली. "तुम्ही टाळ्या वाजवल्या आन बाबा खाली बसले. माझं लग्न मोडंल म्हणून बसले. क्लोरीन न्हाई म्हंजे पाण्याला राखण न्हाई. मशीनमधून पाणी चांगलंच निघतंय. पण जार मागं एकाच हौदात धुवून राह्यलेत, मी सकाळी पाह्यलं. त्यातून काय आत गेलं तर ते तसंच जित्तं राहतंय."

आवाजवाल्याचा हात बटणाकडं गेला. मुलगा त्याच्या शेजारीच उभा होता. त्यानं तो हात धरला आणि धरूनच ठेवला.

"ह्या लेकराला कावीळ ह्याच पाण्यानं झाली, असं मी म्हणत न्हाई. मला माहीत न्हाई. पण तुम्ही सगळ्या गोष्टींवर संशय घेतला, पाण्यावर न्हाई घेतला. मामा, मला ह्याच घरात यायचंय. पह्यले पाण्यात क्लोरीन, मंग लग्नाची तारीख. न्हाई तर ऱ्हाऊ द्या."

सर खुर्चीच्या हातांना घट्ट धरून बसले होते. पुढाऱ्यांना कुठल्या बाजूनं हसावं ते कळेना. मुलाचे वडील नातवाकडं बघत राहिले. मग त्यांनी हात पुढं केले, पोराला स्वतःकडं घेतलं आणि माईक विसरून विचारलं, "किती टाकावं लागतंय, सूनबाई?"

"बाबा सांगतेल," ती म्हणाली.

"वास यील का?"

"बाबांनी टाकल्यावर येतोय. मी टाकल्यावर न्हाई येणार."

धंद्याचा माणूस तो. पुढच्या क्षणी त्यांनी नातवाला कडेवर सावरत माईक तोंडाशी धरला आणि गर्जना केली, "मंडळी! आजपास्नं तालुक्यात क्लोरीनवालं पाणी फकस्त आपलंच! तपासणार आपली सूनबाई!" पुन्हा टाळ्या. त्याच लोकांच्या, तेवढ्याच जोरात.

परतीच्या बसमध्ये मुलीला पुढची सीट मिळाली, आम्हाला तिच्या मागची. सरांच्या गळ्यात हार तसाच होता. काढायचं त्यांना सुचलं नव्हतं. अंबड मागं पडलं. मग माझ्याकडं न बघता, फक्त मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "लग्नाकार्यात ती उठून जायची ना, तवा मला वाटायचं, तिला माझी लाज वाटती."

पुढच्या सीटवरून मुलगी मागं वळली. रडून तिचं नाक लाल झालं होतं.

"वाटायचीच, बाबा," ती म्हणाली. "आज थेंब टाकताना न्हाई वाटली. तुम्ही खाली बसलात, तवा वाटली."